ओरखड्याची खोली

वरळीच्या टोकाला, किल्ल्याभोवतीचं पाणी ओसरू लागलं की काळा खडक उघडा पडतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. दोन प्रहरांपूर्वी जिथून होडी सहज गेली, तिथे आता कालवांनी भरलेल्या धारदार कडा वर आलेल्या असतात. शेवंडी आणि खेकडे याच खडकात मिळतात, त्यामुळे इथल्या लहान होड्या खडकाला टाळत नाहीत, त्याच्या अंगाला लागूनच फिरतात. होडीच्या तळाला ओरखडे पडणं हा इथल्या रोजच्या धंद्याचा भाग आहे. खडक, जेटीचं काँक्रीट, शेजारी बांधलेली होडी, ओहोटीला कलंडल्यावर तळाखाली आलेला दगड, गाळात रुतलेली लोखंडी सळई, यांपैकी कशाची ना कशाची खूण प्रत्येक होडीवर असते.

हे पुस्तक त्या ओरखड्यांविषयी आहे. एवढ्याशा विषयावर अख्खं पुस्तक कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण फायबरच्या होडीवरचा ओरखडा वरून दिसतो तेवढाच असेल, याचा भरवसा नसतो. बोटभर लांबीची एखादी रेघ पॉलिशचं कंपाउंड मारल्यावर निघून जाते, तर तशाच दुसऱ्या रेघेखाली हातभर रुंदीचा थर सुटलेला असतो. वरून दोन्ही सारख्याच. दुरुस्तीचं सगळं शास्त्र या अडचणीपासून सुरू होतं. आपल्याकडे ज्या दुरुस्त्या बिघडतात, त्यांतल्या बहुतेक हात कच्चा असल्यामुळे बिघडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. भरण्याआधी खोली पाहिलेली नसते, म्हणून त्या बिघडतात.

लाकडी होडीच्या काळात ही अडचण एवढी नव्हती. फळी कुजली की टोच सहज आत जाते. पाणी झिरपलं की शोधत गेल्यावर नेमका सांधा सापडतो. फटीत कापूस ठासायचा, राळ आणि तेलाने ती बुजवायची, आणि फळी फारच गेली असेल तर ती काढून दुसरी बसवायची. या कामाची मुंबईची परंपरा जुनी आणि मोठी आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून इथे आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षं मुंबईची गोदी गाजवली. १८१७ मध्ये या गोदीतून पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे अजून पाण्यावर आहे. एवढं आयुष्य सागामुळे मिळालं, तसंच खराब झालेला प्रत्येक तुकडा ओळखता आणि बदलता येत होता म्हणूनही मिळालं. कोळीवाड्यातल्या होडीचं तत्त्वही तेच होतं. सातपाटी, वसई, रत्नागिरी, मालवण या किनाऱ्यांवर होड्या बांधणारे सुतार होते, आणि त्यांचं काम वाळूतच, होडीवाल्याच्या डोळ्यांसमोर चालायचं. स्वतः रंधा न धरणाऱ्यालाही आपल्या होडीत कोणता सांधा कुठे आहे हे माहीत असायचं.

फायबर आलं ते तयार होडीच्या रूपात. साच्यातून निघालेली, गुळगुळीत, सांधा नसलेली. ती घडत असताना तिचा होणारा मालक तिथे नव्हता. होडी घरी आली, पण तिच्या अंगात काय आहे याची माहिती तिच्याबरोबर आली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं आहे.

म्हणून आधी अंगात काय असतं ते पाहू. फायबरची होडी बाहेरून आत अशी घडते. साच्याला मेण लावून घासतात आणि त्यावर रंगीत जेलकोटचा थर देतात. या थराची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. जेलकोट आवळला की त्यावर काचेच्या तुटक धाग्यांची मॅट अंथरून रेझिनमध्ये भिजवतात, मग जाड विणीचं रोव्हिंग, पुन्हा मॅट, पुन्हा रोव्हिंग. हवेचे बुडबुडे रोलरने दाबून काढायचे असतात. रेझिन घट्ट झालं की साच्यातून जे निघतं त्याचा चकचकीत चेहरा सर्वांत आधी घडलेला असतो, आणि होडीच्या पोटात हाताला लागणारा खरखरीत भाग सर्वांत शेवटी.

या रचनेत प्रत्येकाचं काम वेगळं आहे. ताण घेतो तो काचेचा धागा. धाग्याला जागेवर धरून ठेवतं आणि एका धाग्यावरचा भार दुसऱ्याकडे नेतं ते रेझिन. जेलकोट भार घेत नाही. तो ऊन आणि पाणी अडवतो आणि रूप देतो. म्हणून जेलकोटपुरता ओरखडा रूप बिघडवतो आणि संरक्षण कमी करतो, होडी कमकुवत करत नाही. ओरखडा मॅटपर्यंत गेला की पाण्याला आत शिरायला वाट मिळते. धागे तुटले की होडीची ताकद गेली. या तीन पायऱ्या मनात पक्क्या बसल्या तर पुस्तकातलं पुढचं सगळं सोपं होईल.

या पदार्थाचा इतिहास शंभर वर्षांचाही नाही. काचेचा बारीक, लांब धागा कारखान्यात मुबलक काढण्याची युक्ती अमेरिकेत १९३०च्या दशकात साधली, आणि १९३८ मध्ये त्यासाठी ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास पॉलिएस्टर रेझिन आलं. ओहायोतल्या टोलेडो शहरात रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये या दोहोंची छोटी होडी बनवली. फायबरच्या अगदी पहिल्या होड्यांमध्ये तिची गणना होते. महायुद्धानंतर आधी नौदलांनी आणि मग हौशी लोकांनी हे तंत्र उचललं. साठच्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या लहान होड्यांच्या धंद्यात लाकूड मागे पडू लागलं होतं. फायबरला देखभाल लागत नाही, अशी तेव्हा सर्रास जाहिरात व्हायची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्या होड्यांच्या तळावर फोड येऊ लागले आणि तो समज मोडला. पाणी जेलकोटमधून सूक्ष्म प्रमाणात आत झिरपतं, रेझिनमधल्या विरघळणाऱ्या घटकांशी मिळून त्याचं आम्ल द्रावण होतं, आणि त्याचा दाब जेलकोटला आतून उचलतो. असा फोड फोडला की शिरक्यासारखा आंबट वास येतो. फायबरच्या दुरुस्तीकडे गंभीर विद्या म्हणून पाहायला या फोडांनी भाग पाडलं.

भारतात फायबर दोन वाटांनी आलं. एक वाट पूर्व किनाऱ्याची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने १९७९ मध्ये बंगालच्या उपसागराचा मासेमारी कार्यक्रम सुरू केला. त्यातून थेट वाळूवर उतरवता येतील अशा फायबरच्या होड्यांचे प्रयोग झाले. तमिळनाडूत कट्टुमरमची, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या तराफ्याची, जागा फायबरच्या होडीने घेतली. २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून एवढ्या होड्या एवढ्या घाईने बांधून वाटल्या गेल्या की अनेकांच्या दर्जाबद्दल तक्रारी आल्या, आणि होडी बांधणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला. दुसरी वाट लाकडाच्या पाठीवरून आली. लाकडी होडीवर बाहेरून फायबर मारायचं, म्हणजे पाणी आणि किडे दोन्ही दूर राहतात. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने या आवरणावर बरंच काम केलं. सागाऐवजी रबराच्या झाडाचं प्रक्रिया केलेलं लाकूड वापरून त्यावर फायबर चढवलेल्या होड्याही तिथे घडल्या.

आपल्या किनाऱ्यावर या दोन्ही जाती शेजारी शेजारी उभ्या दिसतात: साच्यातून निघालेली पूर्ण फायबरची होडी, आणि फायबर मारलेली लाकडी होडी. दोघींचा ओरखडा एकाच रीतीने वाचता येत नाही. लाकूड ओलाव्याने फुगतं आणि उन्हाने आकसतं, फायबर तसं करत नाही, आणि लाकडावर पॉलिएस्टर रेझिनची पकड मुळातच बेताची असते. त्यामुळे आवरण एकदा चिरलं की पाणी दोघांच्या मध्ये साठतं. वरून होडी धडधाकट दिसते आणि आत फळी कुजत राहते. अशा होडीवर बारीक भेगही लहान समजू नये. पूर्ण फायबरच्या होडीतही एक जागा अशीच असते, ती म्हणजे आउटबोर्ड इंजिन बसतं ती मागची फळी. तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं, आणि बोल्टच्या भोकातून शिरलेलं पाणी ते कुजवतं.

दुरुस्तीच्या बाबतीत जगात ढोबळमानाने तीन संप्रदाय दिसतात. पहिला रूपाचा. हौशी लोकांच्या नौका, क्लबांच्या गोद्या, विकत घेताना चमक पाहणारा ग्राहक यांच्याभोवती तो वाढला. जेलकोटचा रंग जुळवणं, बाराशे-पंधराशे नंबरच्या वॉटर पेपरपर्यंत घासत जाणं, कंपाउंड आणि मेण, हे त्याचं कौशल्य. त्याला कमी लेखू नये. जुन्या, उन्हाने फिकटलेल्या जेलकोटशी नवा रंग जुळवायला जी नजर लागते ती वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते. दुसरा संप्रदाय तपासनिसांचा, म्हणजे विमा आणि वर्गीकरण संस्थांसाठी नौका पाहणाऱ्यांचा. त्यांचं लक्ष थरांवर आणि जोडावर असतं. ‘घाव जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट रुंद घासा’ ही शिस्त त्यांची. तिसरा संप्रदाय एपॉक्सीचा. मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी होडी बांधणाऱ्यांसाठी एपॉक्सी रेझिन विकायला आणि त्याची रीत शिकवायला सुरुवात केली, आणि घरच्या घरी काम करणाऱ्या हजारोंना त्यामुळे आत्मविश्वास मिळाला. एपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला आणि लाकडाला पॉलिएस्टरपेक्षा घट्ट धरतं, पाणीही कमी जाऊ देतं. पण ते महाग आहे, आणि घट्ट झालेल्या एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट बसत नाही, त्यामुळे वरच्या रंगाचा विचार आधीच करावा लागतो.

या संप्रदायांचे वाद वाचायला सुरस आहेत. एकच उदाहरण देतो. घाव भरताना मॅटचा सर्वांत लहान तुकडा आधी बसवायचा की सर्वांत मोठा? जुनी पद्धत लहानापासून मोठ्याकडे जाते. दुसरा पक्ष म्हणतो की मोठा तुकडा आधी बसवला तर तो संपूर्ण घासलेल्या उताराला एका अखंड थराने धरतो. उलट लहान तुकडा आधी बसवला तर शेवटी वरून सपाट घासताना नेमका मोठा थरच कापला जातो. मला दुसरा पक्ष जास्त पटतो. दोन्ही पद्धतींनी केलेल्या दुरुस्त्या टिकल्या आहेत, हेही तितकंच खरं. पुस्तकात दोन्ही रीती दिल्या आहेत.

आपल्याकडे प्रत्यक्षात चालते ती चौथी रीत, बंदरावरची. रेझिनचा डबा, हार्डनर, मॅटचे तुकडे, ब्रश, आणि एका दुपारी काम फत्ते. या रीतीमागे मजबुरी आहे. उद्याची भरती चुकवून चालत नाही, आणि होडी उभी राहिली तर घर थांबतं. ती हेटाळण्यासाठी हे पुस्तक लिहिलेलं नाही. त्याच दुपारी, त्याच सामानात काम जास्त टिकाऊ कसं होईल, हा इथला प्रश्न आहे. एका सवयीबद्दल मात्र पुस्तक कठोर आहे. गॅरेजमध्ये गाड्यांना भरतात ती लांबी पाण्याखालच्या भागाला लावू नये. तिच्यातली शंखजिऱ्याची पूड पाणी शोषते, आणि काही महिन्यांत ती फुगून निघते, निघताना कडेचा चांगला जेलकोटही घेऊन जाते.

फायबरचं उत्तम काम मराठी माणसांच्या हातून झालेलं आहे, हे इथे सांगायलाच हवं. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ घडली आणि २००९ च्या सुरुवातीला पाण्यात उतरली. सीडर लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेलं अंग, त्यावर काचेचं कापड आणि एपॉक्सी. दिलीप दोंदे तिच्यातून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी मुंबईहून निघून कुठेही न थांबता ती पुरी केली. पुढे महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगाला फेरी घालणारी ‘तारिणी’ही तिथेच बांधली गेली. लाकूड आणि फायबर यांची जोडी कोळीवाड्यातल्या फायबर मारलेल्या होडीतही आहे आणि ‘म्हादेई’तही. फरक लाकूड किती कोरडं होतं, कोणतं रेझिन वापरलं आणि आवरण आत-बाहेर किती पूर्ण होतं, यात आहे.

आता मुख्य विषय: ओरखडा वाचायचा कसा. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग याला दिला आहे, आणि तो तसा दिला याचा मला विशेष आनंद आहे, कारण दुरुस्तीची पुस्तकं सहसा थेट डबा उघडायला सांगतात. पहिली पायरी गोड्या पाण्याची. मीठ आणि शेवाळ धुतल्याशिवाय काही दिसत नाही, आणि राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. काळे पट्टे दिसले तर आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसून पाहावेत. बांधावर टांगलेल्या टायरचे डाग पुष्कळदा ओरखडे समजले जातात. मग नख. रेघेवरून आडवं नख फिरवलं आणि ते अडकलं नाही, तर काम घासून चकाकी आणण्यापुरतं आहे. अडकलं तर भिंगाने तळ पाहायचा. तळाशी जेलकोटचाच रंग असेल तर घाव वरवरचा आहे. मॅटचे धागे किंवा त्यांची जाळी दिसली तर तो जेलकोटच्या पार गेला. धाग्यांभोवती पांढरट, दुधाळ झाक दिसली तर रेझिन आणि धागा यांची पकड सुटली आहे, मग ओरखडा कितीही अरुंद असो. दिसेल न दिसेल अशी भेग असेल तर तिच्यावर शाई चोळून पुसायची. शाई भेगेत राहते आणि तिचा माग उघड करते.

भेगांच्या आकृतीतून कारण कळतं. एका बिंदूपासून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे काहीतरी आदळलेलं आहे, बाहेरून किंवा आतून, कधी कधी आत पडलेल्या नांगरानेही. समांतर, लांब भेगा म्हणजे तो भाग वाकतो आहे. अशा भेगा बहुधा आतल्या फ्रेमच्या किंवा आडव्या फळीच्या कडेने येतात, जिथे लवचिक भाग एकदम कडक भागाला भेटतो. त्या कितीही वेळा भरल्या तरी परत येतात. आतून आधार दिल्याशिवाय त्यांचा उपाय होत नाही. इंजिनाच्या बोल्टभोवतीच्या भेगा यातच मोडतात.

त्यानंतर कान. माठ घेताना टिचकी मारून बघतात तसं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने किंवा नाण्याने तळ ठोकत जायचं. धड भाग टणक, स्वच्छ बोलतो. जिथे थर सुटले आहेत किंवा पाणी भरलं आहे तिथे आवाज बद्द येतो. खडूने त्या भागाची हद्द आखायची. आखलेला गोल ओरखड्यापेक्षा खूप मोठा निघाला की पाहणाऱ्याला धक्का बसतो. शेवटी होडीच्या आत जाऊन त्याच जागेची दुसरी बाजू पाहायची. आघाताने जेलकोट वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो, पण आतला थर फाटलेला राहतो, असं वारंवार होतं. आतली बाजू न पाहता केलेला अंदाज मी अर्धाच समजतो.

दुरुस्तीच्या भागात एका तत्त्वावर पुस्तक पुन्हा पुन्हा परत येतं. घट्ट झालेल्या जुन्या फायबरवर लावलेलं नवं रेझिन रसायनाने एकजीव होत नाही, ते फक्त पृष्ठभागाला धरून राहतं. त्यामुळे पकड वाढवण्याचा मार्ग म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा, खरखरीत आणि रुंद करणं. इथे क्रम चुकवून चालत नाही. आधी ॲसिटोनने मेण आणि तेल पुसायचं, मगच घासायचं. आधी घासलं तर मेण ओरखड्यांत खोल दाबलं जातं. धागे तुटलेल्या घावाला कडेने उतार द्यायचा, आणि तळाच्या बाबतीत तो जाडीच्या बारापट धरतात. पाच मिलिमीटर जाडीचा तळ असेल तर प्रत्येक बाजूला साठ मिलिमीटर. दोन-तीन सेंटिमीटरच्या भोकासाठी पंधरा सेंटिमीटरचा गोल घासावा लागतो. चांगल्या होडीवर एवढा ग्राइंडर चालवायला जीव होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एवढा उतार नसेल तर ठिगळ कडेपासून सुटतं. उलट, जेलकोटपुरत्या ओरखड्याला ग्राइंडर लावणं म्हणजे धड अंग विनाकारण कापणं. तिथे ओरखडा थोडासा खाचेसारखा उघडायचा, जेलकोट किंचित वर राहील असा भरायचा (तो सुकताना आकसतो), आणि नंतर सपाट करायचा. पॉलिएस्टर हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतं, म्हणून शेवटच्या थरात मेण मिसळावं लागतं किंवा त्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवावा लागतो. बंदरावर ‘सुकतच नाही’ म्हणून जास्त हार्डनर घातला जातो, त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

परदेशी पुस्तकं आपल्याला पुरत नाहीत, याचं सर्वांत मोठं कारण पंचांगात आहे. तिकडे होडी हिवाळ्यात वर काढतात, आणि लेखक थंडीशी झगडत असतो: शेड गरम कशी ठेवायची, रेझिन आवळेल कसं. आपल्याकडे होडी पावसाळ्यासाठी वर येते. १ जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, होड्या शाकारलेल्या, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत माणसाला वेळच वेळ. दुरुस्तीला मोकळा वेळ मिळतो तो नेमका वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत. काचेची मॅट हवेतला ओलावा धरते. ओल्या मॅटमध्ये रेझिन नीट भिनत नाही आणि थर दुधाळ होतो. एपॉक्सीवर दमट हवेत मेणचट पापुद्रा येतो, तो धुतला नाही तर पुढचा थर धरत नाही. घावात शिरलेलं समुद्राचं पाणी सुकायलाच आठवडे लागतात. याच्या उलट मे महिन्याच्या दुपारी मगात कालवलेलं रेझिन ब्रश बुडवेपर्यंत तापून जेली होतं. म्हणून हे पुस्तक काम दोन भागांत तोडतं. पाहणी, धुणं, घाव उघडणं आणि सुकवायला ठेवणं मे महिन्यात. भरणं त्याच महिन्यात सकाळी लवकर, किंवा मग पावसाने उघडीप दिल्यावर छपराखाली, मॅट आणि रेझिन घरात कोरडं ठेवलेलं असताना. हार्डनरचं प्रमाण हवेप्रमाणे एक ते दोन टक्क्यांच्या आत बदलायचं, अंदाजे ओतायचं नाही. हे सगळं आपल्या हवेसाठी मराठीत एका ठिकाणी मांडलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहतो आहे.

धोक्यांबद्दल इथेच बोललं पाहिजे, कारण त्यांना पुस्तकात वेगळं प्रकरण नाही. ते पानोपानी येतात. हार्डनर आणि रेझिन लवकर आवळावं म्हणून घालतात तो कोबाल्ट, हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत. स्फोटासारखी आग लागते. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ बंद जागेत डोकं जड करते. काचेची धूळ कातडीत टोचते आणि छातीत जाते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही, त्यासाठी खरा मास्क लागतो.

ही धूळ पुढे कुठे जाते, याचा विचार अलीकडेच सुरू झाला आहे. इंग्लंडमधल्या ब्रायटन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये चिचेस्टरच्या खाडीतल्या कालवांत आणि शिंपल्यांत काचेचे तंतू सापडल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्यांचं प्रमाण होड्यांच्या दुरुस्तीच्या मोसमात वाढलेलं आढळलं. वरळीच्या खडकांवरून कालवं फोडून आणणाऱ्या बायका आणि बांधावर ग्राइंडर चालवणारे पुरुष एकाच घरातले असतात. म्हणून खाली ताडपत्री अंथरणं, शक्य तिथे पाणी लावून घासणं आणि गोळा केलेली धूळ पाण्यात न लोटणं या सूचना मला पुस्तकातल्या सर्वांत महत्त्वाच्या सूचनांपैकी वाटतात. मोडलेल्या फायबरच्या होड्यांचं काय करायचं, याचं समाधानकारक उत्तर अजून जगाकडेच नाही. लाकूड कुजून मातीला मिळतं, फायबर तसंच पडून राहतं. होडीचं आयुष्य चांगल्या दुरुस्तीने दहा वर्षांनी वाढलं, तर किनाऱ्यावर पडणारा तो सांगाडाही दहा वर्षं लांबतो.

वरळीकरांना हा विषय आज का जवळचा आहे, हे वेगळं सांगायला नको. २००९ मध्ये सागरी सेतू झाला, २०२४ पासून किनारी रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जाणाऱ्या वाटेवर या रस्त्याच्या पुलाचे खांब उभे राहणार म्हणून इथले मच्छीमार वर्षानुवर्षं लढले. मूळ आराखड्यातलं खांबांमधलं साठ मीटरचं अंतर अखेर एकशे वीस मीटर झालं. कागदावर साठ आणि एकशे वीस हे आकडे आहेत. वाऱ्याने आणि लाटेने ढकलली जाणारी लहान होडी ज्याने त्या वाटेने काढली आहे, त्याला प्रत्येक मीटरचा अर्थ होडीच्या कुशीवर कळतो. खडक तिथेच आहेत, त्यांच्यात काँक्रीटची भर पडली आहे, आणि मासळी कमी झाल्यामुळे होडी जास्त वेळ आणि जास्त अवघड जागी फिरते. सागाची नवी होडी बांधणं आज बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. आहे ती फायबरची होडी टिकवणं हाच धंद्यात राहण्याचा मार्ग उरतो.

पुस्तक लहान होड्यांपुरतं आहे, आणि ही मर्यादा योग्य आहे. मोठ्या ट्रॉलरच्या फ्रेम तुटल्या असतील, तळाचा आधार हलला असेल, तर ते काम गोदीचं आहे, आणि ते कसं ओळखायचं एवढंच इथे सांगितलं आहे. इंजिन आणि जाळी यांना हात लावलेला नाही. रंग जुळवण्याचा भाग थोडका आहे. कुणाला तो अपुरा वाटेल, पण धंद्याच्या होडीला आधी पाणी आत येऊ न देणं हवं, चमक नंतर. शब्द बंदरावरचेच वापरले आहेत: मॅट, रोव्हिंग, हार्डनर, कोबाल्ट, वॉटर पेपर. दुकानात जे मागायचं तेच पुस्तकात वाचायला मिळावं, हा आग्रह मला पटला. कोऱ्या पत्र्यावर किंवा जुन्या होडीच्या तुकड्यावर हात बसवण्याचे सराव दिले आहेत. ते टाळून थेट आपल्या होडीच्या नाळेवर सुरुवात करू नये, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

शेवटच्या पानांवर होडीच्या दोन्ही कुशींचा, तळाचा आणि आतल्या बाजूचा कोरा आराखडा छापलेला आहे. त्याच्या झेरॉक्स काढून दरवर्षी एक भरायची: कोणता ओरखडा कुठे, नख अडकतं का, आवाज कसा, आतून काय दिसतं, गेल्या वर्षी भरलेली जागा धरून आहे का. भरणाऱ्याने तारीख आणि त्या दिवसाची हवा लिहावी, वापरलेल्या रेझिनच्या डब्यावरचा महिनाही लिहावा, कारण जुनं रेझिन आणि जुना हार्डनर दोन्ही दगा देतात. पहिला आराखडा येत्या मेमध्ये भरावा: होडी वर घेतल्यावर, धुऊन दोन दिवस उन्हात ठेवल्यावर, आणि कोणताही डबा उघडण्याआधी.